हॅलोविनचं फळांचं ताट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर सुरू झाला की मुलांच्या शाळेची, शेजाऱ्यांची नाहीतर ऑफिसातल्या मित्रमंडळींची हॅलोविन पार्टी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाची पार्टी ठरते. कोण काय आणणार याची यादी फोनवर फिरते. भारतातून अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा फळं येतात. आपल्यालाही हायसं वाटतं, फळंच तर कापायची आहेत!

न्यू जर्सीतल्या पहिल्या वर्षी मलाही असंच वाटलं होतं. आदल्या रात्री अकरापर्यंत जागून मी सगळी फळं कापली, मोठ्या ट्रेमध्ये रचली, वर प्लास्टिकचा कागद ताणून फ्रिजमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर केळ्यांची भुतं काळवंडलेली, सफरचंदं तपकिरी आणि कलिंगडाचं पाणी सगळ्या ट्रेभर. त्या लाल पाण्यात भिजून पांढरी लिची गुलाबी झाली होती. मुलगी रडवेली झाली आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दरवर्षी हे ताट करते आहे. यातली सगळी मेख कोणतं फळ कधी कापायचं यात आहे, कलाकुसर त्यानंतर येते. म्हणून हा लेख वेळेच्या क्रमानेच लिहिला आहे. उदाहरणासाठी पार्टी शनिवारी दुपारी ४ वाजता आहे आणि माणसं वीस, त्यांत बारा मुलं, असं धरू.

१. खरेदीच्या आधी विचारून घ्या

पार्टी शाळेत असेल तर सगळ्यात आधी वर्गशिक्षिकेला विचारा. अनेक शाळांत घरी केलेलं किंवा घरी कापलेलं काहीही चालत नाही, दुकानातलं बंद पाकीटच लागतं. अशा ठिकाणी हे सगळं ताट दारातून परत येतं. तिथे सोपा उपाय म्हणजे न सोललेली क्लेमेंटाइन संत्री न्यायची आणि सालीवर काळ्या मार्करने भोपळ्याचे डोळे-तोंड काढायचं. मात्र अख्खं फळही चालेल का, हे विचारल्याशिवाय नेऊ नका.

घरगुती पार्टी असेल तर यजमानांना तीन गोष्टी विचारा.

कुणाला कसली ॲलर्जी आहे? अमेरिकेत पाकिटांवर ज्या नऊ पदार्थांचा उल्लेख सक्तीचा आहे ते म्हणजे दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, बदाम-अक्रोडासारखी झाडावरची कवचफळं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ या यादीत २०२३ पासून आले. फळांच्या ताटात यातलं काही नसतं, पण सजावटीतून ते गुपचूप शिरतं.

सगळ्यात लहान मूल केवढं आहे? पाच वर्षांखालची मुलं असतील तर द्राक्षं उभी कापून चार फोडी कराव्या लागतात. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. आडवं कापलेलं अर्ध द्राक्षही गोलच राहतं, म्हणून उभंच कापायचं.

शाकाहारी कोण आहे? हा प्रश्न आपल्या मंडळींसाठी फार महत्त्वाचा. हॅलोविनच्या ताटांच्या फोटोंत सगळीकडे पांढरे मार्शमेलो दिसतात. त्यात जिलेटिन असतं आणि ते डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांपासून काढतात. तयार मिळणाऱ्या साखरेच्या डोळ्यांतही काही कंपन्या जिलेटिन, काही अंड्याचा पांढरा भाग, तर काही लाखेचं पॉलिश वापरतात. मी हे दोन्ही आणतच नाही. डोळ्यांसाठी चॉकलेट चिप्स आणि ब्लूबेरी पुरतात.

२. काय काय लागेल

वीस जणांसाठी, सोबत इतर खाणं असेल तर एवढं पुरतं:

- लहान, बिनबियांचं कलिंगड १ (मधल्या आकाराच्या खरबुजाएवढं मिळतं ते)
- क्लेमेंटाइन १२
- केळी ६, पिवळी पण देठाशी अजून हिरवट
- लाल सफरचंदं ४
- डाळिंबं २
- काळी बिनबियांची द्राक्षं २ पौंड
- स्ट्रॉबेरी १ पौंड
- ब्लूबेरीचा १ लहान डबा
- डबाबंद लिचीचा १ डबा (भारतीय किंवा चिनी वाणसामानाच्या दुकानात मिळतो)
- अननसाच्या रसाचा १ डबा
- मिनी चॉकलेट चिप्स, पांढरं चॉकलेट, थोडा स्ट्रॉबेरी जॅम, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, सेलरीचा (हिरव्या दांड्यांची पालेभाजी) १ दांडा

हत्यारं: पीलर, लहान टोकदार सुरी, मोठी सुरी, कागदी टॉवेलचं एक अख्खं भेंडोळं, झाकणाचे चार-पाच डबे, एक मोठा काळा ट्रे, त्याहून मोठा ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे आणि बर्फाची पिशवी. ट्रे काळाच घ्या. पांढऱ्या ट्रेवर केळ्याची आणि लिचीची भुतं दिसतच नाहीत.

खरेदीतल्या दोन चुका सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे कॉनकॉर्ड द्राक्षं येतात. जांभळासारखी काळीभोर आणि वास असा की दुकानात पाऊल अडतं. रंग बघून हॅलोविनला हीच, असं वाटतं. पण त्यांची साल गरापासून सुटून हातात येते आणि आत बिया असतात. घरी चवीने खा, ताटात मात्र ठेवू नका. सफरचंदांत कॉस्मिक क्रिस्प दिसलं तर तेच उचला. वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात तयार झालेली ही जात २०१९ मध्ये दुकानांत आली. कापल्यावर ती बराच वेळ पांढरी राहते.

३. शुक्रवार संध्याकाळ: धुणं, वाळवणं, डाळिंब

फळं वाहत्या पाण्याखाली धुवा, साबण नको. कलिंगड बाहेरून ब्रशने घासून धुवायचंच. साल खायची नसली तरी सुरी सालीतून गरात जाते आणि वरची घाण सोबत नेते. स्ट्रॉबेरी धुऊन कागदी टॉवेलवर पसरा आणि पूर्ण वाळू द्या. उद्याची निम्मी भुतं या वाळण्यावर उभी आहेत.

डाळिंब आजच सोलून ठेवता येतं. माझ्या सासूबाईंची पद्धत अशी की डाळिंब आडवं अर्ध करायचं, पातेल्यावर पालथं धरायचं आणि पाठीवर डावाने ठोकायचं. दाणे टपाटप पडतात, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवरही उडतात. मी पाण्याने भरलेल्या भांड्यात हात बुडवून फोडते. दाणे तळाशी जातात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात. मग गाळून कोरडे करायचे आणि डब्यात भरायचे.

सासूबाई आमच्याकडे होत्या ते वर्ष २०२४. त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आलं. दारात रांगोळी, वर आकाशकंदील आणि पायरीवर तोंड कोरलेला भोपळा. “अगं, ऐन लक्ष्मीपूजनाला ही भुतं कसली मांडतेस?” असं त्यांनी विचारलं. मी त्यांना मला ठाऊक होतं ते सांगितलं. आयर्लंडमधले लोक या रात्री पूर्वी सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. गेलेली माणसं या रात्री घराकडे येतात अशी तिकडची जुनी समजूत होती. पुढे ते लोक अमेरिकेत आले आणि इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा त्यांनी हाती घेतला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. “म्हणजे त्यांचीही पितरंच की,” म्हणाल्या आणि डाळिंब ठोकायला बसल्या. तुमच्याही घरात हा प्रश्न निघाला तर एवढं सांगायला हरकत नाही.

४. शुक्रवार रात्र: कलिंगडाचा मेंदू

ताटाच्या मधोमध काहीतरी मोठं हवं. भोपळ्यासारखं तोंड कोरलेलं कलिंगड बरेच जण करतात. त्यात गर आधी काढावा लागतो, झाकण आत पडतं, कोरलेल्या तोंडातून पाणी गळतं. त्यापेक्षा मेंदू करा. काम सोपं आहे आणि मुलं पाहून जे किंचाळतात, त्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

कापायच्या पाटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे पाट सरकणार नाही. कलिंगडाचा तळ सपाट बसावा म्हणून एका बाजूने पातळ चकती काढा. पांढरा भाग दिसला की थांबा. लाल गर उघडा पडला तर रात्रभर तिथून पाणी गळतं.

आता पीलरने हिरवी साल काढायची. एकाच जागी दोनदा पीलर फिरवू नका, कारण पांढरा थर जाड राहायला हवा. हिरवट छटा राहिली तरी चालेल. सोललेलं कलिंगड अतिशय बुळबुळीत होतं, म्हणून कोरड्या टॉवेलने पुसून घ्या आणि हातात न धरता पाटावर ठेवूनच पुढचं काम करा.

वरून खाली, मधोमध एक लांब रेघ टूथपिकने ओढा. मेंदूचे दोन भाग झाले. दोन्ही बाजूंना नागमोडी वळणं काढा. अक्रोडाचा गर डोळ्यांसमोर आणा, तशीच वळणं हवीत. रेघा एकमेकींना कापू देऊ नका. मग टोकदार सुरी तिरपी धरून रेघेच्या एका बाजूने काप द्या, तसाच दुसऱ्या बाजूने, आणि मधली बारीक चीर उचलून काढा. खाली गुलाबी गर दिसू लागतो. पांढऱ्या उंचवट्यांमधून गुलाबी नागमोडी खाचा, इतकंच करायचं आहे. पहिल्या चार-पाच रेघा बिचकत होतात, नंतर हात बसतो. मला साधारण पाऊण तास लागतो. सुरी आपल्या अंगाच्या बाहेरच्या दिशेने चालवा आणि हे काम मुलांना देऊ नका. रेघा ओढायला मात्र त्यांना जरूर बसवा.

झालं की जाळीवर ठेवा, जाळीखाली ताटली ठेवा, वर सैलसर कागद घाला आणि फ्रिजमध्ये सरकवा. सकाळी ताटलीत पाणी साठलेलं असेल. ते आज रात्रीच गळून जायला हवं, म्हणून तर हे काम आदल्या दिवशी.

५. शनिवार सकाळ: टिकणारी मंडळी

*स्ट्रॉबेरीची भुतं.* पांढरं चॉकलेट बारीक तुकडे करून मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या ताकदीवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वितळवा आणि प्रत्येक वेळी ढवळा. भांडं, चमचा, स्ट्रॉबेरी, सगळं ठणठणीत कोरडं हवं. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटमधली साखर तो शोषून घेते आणि गुळगुळीत चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. असं झालं तर ते भुतांसाठी वाया गेलं समजा. त्यात गरम दूध घालून प्यायला द्या आणि नवं चॉकलेट घ्या. पातळ करायला पाणी घालायचा मोह होतो, तो टाळा. स्ट्रॉबेरी देठाला धरून बुडवा, मेणकागदावर ठेवताना किंचित मागे ओढा, म्हणजे भुताच्या झग्याचा घोळ तयार होतो. काळ्या चॉकलेटच्या ठिपक्यांनी डोळे काढा आणि पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. यात दूध असतं, बहुतेक वेळा सोयाही असतं. म्हणून ही भुतं वेगळ्या ताटलीतच न्या.

*संत्र्याचे भोपळे.* क्लेमेंटाइन अख्खी सोला, पांढऱ्या दोऱ्या जमतील तेवढ्या काढा आणि वरच्या खळग्यात सेलरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खोचा. इतकंच. झाकणाच्या डब्यात ठेवले की दुपारपर्यंत छान राहतात, उघडे ठेवले तर सुकतात.

*लिचीचे डोळे.* लिची गाळून घ्या आणि टॉवेलवर पालथी घालून निथळू द्या. बी काढलेल्या पोकळीत थोडा स्ट्रॉबेरी जॅम भरा, वर ब्लूबेरी बसवा. ब्लूबेरीचं चुण्यांचं टोक बाहेर ठेवलं तर बाहुली जास्त खरी दिसते. ताटातला सगळ्यात भयानक प्रकार हाच आणि मोठी माणसंही आधी हाच उचलतात. लहानग्यांना अख्खा डोळा देऊ नका, फोडी करून द्या.

द्राक्षं घडातून सोडवून आताच कापून ठेवा.

६. शनिवार दुपारी ३: काळवंडणारी मंडळी

वांगं चिरलं की आपण पाण्यात टाकतो. सफरचंदाला आणि केळ्यालाही तेच दुखणं आहे. कापल्यावर गरातलं एक विकर (एन्झाइम) हवेच्या संपर्कात येऊन काम सुरू करतं आणि रंग तपकिरी होतो. आंबट रसाने ते मंदावतं. लिंबू चालतं, पण केळ्याला लिंबाची चव लागली की मुलं तोंड वाकडं करतात. अननसाचा रस आंबटही आहे आणि गोडही.

सफरचंदाला मी मिठाचं पाणी वापरते. एक कप पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ, त्यात पाच मिनिटं फोडी, मग साध्या पाण्यातून काढून पुसायच्या. चवीला मीठ कळत नाही.

*राक्षसाचं तोंड.* सफरचंदाच्या चार फोडी, मधला बियांचा भाग काढलेला. सालीच्या बाजूने पाचरीसारखा तुकडा काढला की उघडं तोंड होतं. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर आत सूर्यफुलाच्या बिया दातांसारख्या खोचा आणि स्ट्रॉबेरीची पातळ चकती जीभ म्हणून सरकवा. ठिकठिकाणी तुम्हाला पीनट बटर आणि बदामाचे काप वापरलेले दिसतील. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ते जिवावरचं असतं. बियांच्या पाकिटावरही शेंगदाणे-बदामांशी संपर्क आल्याची सूचना नाही ना, हे वाचून घ्या.

*केळ्याची भुतं.* सगळ्यात शेवटी. केळं सोला, आडवं अर्ध करा, अननसाच्या रसात बुडवून निथळा आणि कापलेल्या बाजूवर उभं करा. चॉकलेट चिपचं टोक आत खुपसून दोन डोळे, त्याखाली एक तोंड. पिकलेलं केळं उभं राहत नाही, म्हणून तर हिरवट देठाची घ्यायची. पार्टी दूर असेल तर केळी, चिप्स आणि रसाचा डबा सोबत न्या आणि तिथे पोचून करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मुलं स्वतःहून मदतीला येतात.

७. मांडणी आणि नेणं

मधोमध मेंदू, त्याच्याभोवती डाळिंबाचे दाणे रक्तासारखे पसरायचे. मेंदू एकदा पुन्हा पुसून मगच ठेवा. एका बाजूला भोपळ्यांचा थवा, दुसऱ्या बाजूला उभी भुतं, कडेने राक्षसांची तोंडं. उरलेल्या फटींत काळी द्राक्षं. डोळे एकत्र न ठेवता इथेतिथे लपवा, द्राक्षांमधून एखादा बघत असलेला जास्त दचकवतो. टूथपिक कशातही खोचू नका. मुलं घाईत खातात आणि ती टोचते. छोटे चिमटे ठेवा.

गाडीतून नेताना ताट मांडून नेऊ नका. डबे न्या, तिथे मांडा. एका वळणावर मेंदू घरंगळला की सगळी भुतं आडवी होतात.

ऑक्टोबरात दुकानांत कोरडा बर्फ दिसतो आणि ताटातून धूर निघावा असं वाटतं. तो गोठलेला कार्बन डायॉक्साइड असतो, उणे ७८ अंश सेल्सिअसचा. बोट लागलं तर कातडी जळते, तुकडा पोटात गेला तर गंभीर इजा होते. मुलं जिथे हात घालणार त्या ताटाच्या आसपासही तो नको.

साधा बर्फ मात्र हवाच. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बर्फ पसरा, त्यावर फळांचा ट्रे ठेवा. कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, असा इथला सरकारी सल्ला आहे. कलिंगडाच्या बाबतीत तो कसोशीने पाळा. कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे जंतू त्यात लवकर वाढतात. चारला मांडलं तर सहाला उचला. मी निम्मी फळं यजमानांच्या फ्रिजमध्ये ठेवते आणि पाचच्या सुमाराला ताट पुन्हा भरते. दुसऱ्यांदा भरलेलं ताटही भरलेलंच दिसतं आणि काही टाकावं लागत नाही.

ताटाशेजारी एक चिठ्ठी लावा: यात काय आहे, कोणत्या ताटलीत दूध आहे, कशात शेंगदाणे-बदाम नाहीत. ॲलर्जीवाल्या मुलाची आई प्रत्येक पार्टीत प्रत्येक पदार्थापाशी थांबून विचारत असते. तिला ही चिठ्ठी दिसली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते एकदा पाहा.

मेंदू कुणी कापून खात नाही, तो बाहेर राहिलेला असतो, टाकून द्या. फ्रिजमध्ये उरलेली क्लेमेंटाइन मुलांच्या डब्यात जातात, डाळिंबाचे दाणे दहीभातावर. न सोललेली दोन-तीन केळी उरलीच तर रात्री घरी आल्यावर शिकरण करा. भुतांचे कपडे न उतरवताच मुलं पोळीबरोबर खाऊन झोपतात.